वाकळेचं पोट

आधी अम्मांचं सांगते, मग कुत्र्याचं. उलटं सांगितलं की लोक कुत्र्याची गोष्ट म्हणून हसतात आणि अम्मा मागं राहून जातात. उल्हासनगरच्या ज्या घरात मी राहून काम करायचे, त्या घरातली म्हातारी म्हणजे अम्मा. मालकिणीची सासू. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. परक्या गावात माझं ताट आणि माझं छप्पर टिकलं ते त्यांच्यामुळं. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्यांनी केलं नाही. सख्ख्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडं कापायला काही नव्हतं, किंवा असेल तरी कात्री हातात घ्यायची इच्छा नव्हती.

मी परभणीच्या पलीकडची. माझी शाळा आठवीत सुटली. आईच्या अंगावरून वारं गेलं आणि तिचं करायला तेव्हा घरात दुसरी बाई नव्हती. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, कपडे बदलणं, यात माझं शाळेचं वय गेलं. आई गेली तेव्हा मला एवढं एकच काम नीट येत होतं. आणि आई गेल्यावर ते घर भावाचं राहिलं नाही, वहिनीचं झालं. वहिनी वाईट बोलायची नाही. फक्त मला वाढताना पळी पातेल्यावर आपटायची. गावाकडची एक मावशी अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहते, तिनं मला बोलावून घेतलं आणि या घरात लावून दिलं. निघताना भाऊ म्हणाला, नाही जमलं तर ये परत. मागं चुलीपाशी पळी आपटल्याचा आवाज आला. तेव्हाच मी ठरवलं की न जमायला परवानगी नाही.

घर पाचव्या मजल्यावर. साहेबांचा जीन्स शिवायचा कारखाना होता, ते दिवसभर तिकडंच. मालकिणीला मी भाभी म्हणायचे. भाभींनी पहिल्या दिवशी काम समजावलं, अम्मांचं सगळं करायचं, वरचं घरकाम, “और थोडा डॉगी को भी देख लेना.” हे जे थोडं होतं ते लवकरच सगळ्यात जास्त झालं. कुत्रा वीतभर, पांढरा, डोळ्यांवर झिपऱ्या. त्याचं नाव इंग्रजी होतं आणि माझ्या जिभेला वळायचं नाही. मी हाक मारली की तो बघायचाच नाही, आणि भाभींच्या मैत्रिणी हसायच्या.

अम्मा मात्र पहिल्या दिवशी जे बोलल्या ते मला कळलंच नाही. मी खोलीत गेले तर म्हणाल्या, “मानी खाधी?” मला ऐकू आलं मनी. आमच्याकडं मनी म्हणजे मांजर. मी घाबरून म्हणाले, नाही हो, मी मांजराला हातही लावला नाही. अम्मा गोंधळल्या. मग कळलं की सिंधीत मानी म्हणजे जेवण. त्या विचारत होत्या, जेवलीस का. घरातून निघाल्यापासून हे विचारणारं पहिलं माणूस, आणि मी मांजराचा खुलासा देत बसले. नंतर तो आमचा रोजचा खेळ झाला. त्या विचारायच्या, मानी खाधी, आणि मी म्हणायचे, नाही अम्मा, पळाली.

आता पॅडचं. कुत्र्याला खाली न्यायचं नाही, गल्लीतले कुत्रे फाडतील, असा भाभींचा नियम होता. म्हणून तो बाल्कनीत पॅडवर करायचा. भाभी म्हणाल्या पॅड बिछा दे, तेव्हा मला पॅड म्हणजे एकच ठाऊक होतं, आणि मी लाजून उभी राहिले. हे वेगळे. चादरीसारखे चौकोनी, वरून पांढरे, खालून निळं प्लास्टिक, पोटात पाणी शोषणारा भुगा. आणि गंमत अशी की अम्मांच्या अंगाखालीही तसलेच असायचे. फरक एवढाच की कुत्र्याच्या पॅडला फुलांचा वास होता.

कुत्रा त्या पॅडवर करायचा कमी आणि फाडायचा जास्त. कोपरा दातात धरायचा, मान झटकायचा, प्लास्टिक चर्र वाजलं की आणखी चेव यायचा. मी अम्मांना कुशीवर वळवत असायचे, दोन्ही हात अडकलेले, आणि बाल्कनीतून तो चर्र आवाज यायचा. आजही कुणी पिशवी फाडली तर मी हातातलं काम सोडून वळून बघते. बाहेर जाऊन बघावं तर सगळीकडं कापसासारखे पुंजके आणि मधोमध हा, झिपऱ्यांतून बघतोय.

ओरडले तर त्याला वाटायचं मी खेळतेय. भाभींनी फोनवर बघून सांगितलं, पॅडला काहीतरी कडू लाव. मी कारली किसून रस काढला आणि कडेनं लावला. कुत्र्यानं एकदा चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पॅडकडं जाणंच सोडलं. मग त्यानं सोफ्याच्या पायाशी केलं. नंतर देवघरापाशी केलं. कारल्याची अक्कल भाभींची, पण देवघर पुसताना ऐकून मी घेतलं. घरात कडू फक्त माझ्याच वाट्याचं होतं, दुसऱ्या कुणाच्या तोंडाला ते लागतच नव्हतं.

मग एक दिवस तो ओकला. निळ्या प्लास्टिकचा तुकडा आणि फुगलेला, चिकट गोळा. आम्ही रिक्षानं त्याला अंबरनाथ पश्चिमेला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सांगितलं, हा भुगा पोटात जाऊन फुगतो, आतडं अडतं, पुढच्या वेळी पोट कापायला लागेल. पॅडच्या कडा उघड्या ठेवू नका, त्याला चावायला दुसरं काही द्या, दिवसभर बाल्कनीत एकटा कोंडू नका, हेही सांगितलं. भाभींनी त्यातलं पोट कापायचं तेवढं ऐकलं. परतताना रिक्षात कुत्रा त्यांच्या मांडीवर आणि मी सीटच्या टोकाला तोल सांभाळत. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “अब एक भी पॅड फटा ना, तो तू अपना देख ले.”

अपना देख ले. दुसरीकडं आपली सोय बघ. मला तर बघायला परभणीपलीकडं दुसरी दिशाच नव्हती. मावशीच्या खोलीत तिची दोन मुलं आणि सून आधीच दाटीनं. त्या दिवसापासून मी अम्मांना घास भरवतानाही एक कान बाल्कनीकडं ठेवायचे. अम्मांच्या ते लक्षात आलं. पडून राहणाऱ्या माणसाच्या लक्षात सगळंच येतं, त्यांच्या पलंगावरून बाल्कनीचं दार सरळ दिसायचं. एकदा घास तोंडात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, तो आवाजाला भुललाय. कागद वाजतो म्हणून खेळतो. कपड्याचं कर, न वाजणारं.

मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडं बाळंतिणीच्या लेकराखाली काय घालतात, वाकळच की. जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली. लेकरू ओलं करतं, धुवायची, वाळवायची, परत घालायची. साहेबांच्या कारखान्यातून कतरणीचं पोतं आलेलं होतं, भाभी त्याचे तुकडे फरशी पुसायला वापरायच्या. मी जीन्सचे तुकडे जोडून खालचा थर केला. त्या कापडात वीतभर कुत्र्याचा दात रुतणार नव्हता. कमरेच्या जाड पट्ट्या उरल्या होत्या, त्यांची गाठ मारून मी त्याला चावायला दिली. ती त्याला आवडली. पण नुसती जीन्स ओल शोषत नाही, त्यानं केलेलं फरशीवर वाहत आलं. वर मऊ, जुनं, सुती हवं. आणि त्या घरात जुनं सुती काहीच नव्हतं. जुनं झालं की भाभी बोहारणीला देऊन डबे घेत. पलंगावरच्या चादरीसुद्धा चमचम करणाऱ्या, पाण्याचा थेंब पडला की तो गडगडत खाली जायचा.

माझ्या पिशवीत आईचं एक लुगडं होतं. घरातून आणलेलं तेवढंच. एका दुपारी भाभी बाहेर गेल्या होत्या, तेव्हा ते काढलं आणि अम्मांच्या पलंगाशेजारी फरशीवर पसरून कुठून कापायचं ते बघत बसले. रडत नव्हते. हिशेब करत होते, की काठ वाचवता येईल का.

अम्मांनी विचारलं, कुणाचं. मी सांगितलं. त्यांनी हात हलवून म्हटलं, ठेव ते. मी म्हणाले, अम्मा, दुसरं सुती घरात नाही. तर त्यांनी उशी उचलायला सांगितली. उशीखाली त्यांची रल्ली असायची, कायम घडी घालून. रल्ली म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, पण आमच्या वाकळेपेक्षा देखणी. लाल, काळे, पिवळे तुकडे कापून नक्षी बसवलेली, आणि धुऊन धुऊन साय झालेली. अम्मांच्या आईनं शिवलेली. फाळणीत त्यांची आई सिंधमधून निघाली तेव्हा अम्मा अंगावर पीत होत्या, आणि याच रल्लीत गुंडाळून त्यांना जहाजात बसवलं होतं. इथल्या छावणीच्या बराकीत थंडी पडायची तेव्हा चार भावंडं हिच्याखाली झोपायची. हे सगळं त्यांनी मला पूर्वीच कधीतरी सांगितलेलं. म्हणून मी हात मागं घेतला.

अम्मा म्हणाल्या, “तुझी आई आत्ता गेली, पुट. तिचा वास असेल अजून त्यात. माझी आई जाऊन जमाना झाला. यात आता माझाच वास आहे, आणि तो कसला, ते तुलाच ठाऊक. काप.”

त्यांच्यात लेकराला पुट म्हणतात, मुलगी असली तरी. मी कात्री धरून नुसती बसले. मग त्यांनीच कात्री मागितली, रल्लीची कड मांडीवर ओढली आणि पहिला छेद स्वतः दिला. पलंगावर टेकून दिलेला, म्हणून तो वाकडा गेला. म्हणाल्या, “कपडा आहे. देव आहे काय?”

पुढच्या दुपारी मी शिवत बसले आणि त्या पलंगावरून चुका काढत राहिल्या. माझा टाका त्यांना लांब वाटायचा. त्यांच्याकडचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी म्हणाले, आमच्याकडं ज्वारीचा असतो, कणसाएवढा. त्यांना ते इतकं आवडलं की शेजारीण आली तिलाही सांगितलं. त्या घरात मी हसले ते दिवस म्हणजे तेच. खाली जीन्स, मधे रल्लीचे उसवलेले तुकडे, वर रल्लीची नक्षी, चारी कडा दुमडून पक्क्या, तोंडात धरायला टोक कुठंच नाही.

आणि शेवटचा कोपरा बंद करताना मी ते केलं जे आमच्याकडच्या बाया करतात. वाकळेचं पोट उपाशी ठेवू नये. आई शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा एवढासा तुकडा सारायची. उपाशी वाकळ अंगावर घेतली तर ऊब लागत नाही, घरात अन्न टिकत नाही, असं म्हणायची. मला वाटलं, निदान या घरात माझं अन्न टिकू दे. भाकर नव्हती. अम्मांच्या ताटात तूप लावलेल्या फुलक्याचा तुकडा उरला होता, तो आत सारला आणि टाके घातले.

पहिले काही दिवस कुत्रा शहाण्यासारखा वागला. वास घेतला, गोल फिरला, वर बसून केलं. मी त्याला शाबास म्हणाले, अम्मांनी टाळी वाजवली. भाभी म्हणाल्या, देखा, सख्ती करने से सीख गया. मी मान हलवली.

मग एका सकाळी भाभींच्या मैत्रिणी आलेल्या, आणि बाल्कनीत हा एक कोपरा कुरतडत बसलेला. दुसरं काही नाही, बरोबर तोच एक कोपरा. टाके तोडलेले, जीन्स ओली झालेली, आतले जुने लाल धागे दाढीला लागलेले. मैत्रिणींपैकी एक म्हणाली, अय्यो, यह तो कपडा भी खाता है. भाभींचं तोंड उतरलं. त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता मला सांगितलं, सामान बांध. मैत्रिणी गेल्या आणि मी खरंच पिशवी काढली. आईचं लुगडं खाली घातलं, वर बाकीचं.  वहिनीची पळी ऐकू यायला लागली होती.

अम्मांनी मला बोलावून तो तुकडा दाखवायला सांगितला. त्यांनी कोपऱ्यात बोट घातलं, आणि बोटाला ओला चुरा लागला. विचारलं, यह क्या. मी सांगितलं, पोट. वाकळेचं पोट. त्या आधी हसल्या, मोठ्यानं हसल्या, खोकला लागेपर्यंत. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी भाभींना हाक मारली.

सासू-सुना एकमेकींशी सिंधीत बोलायच्या. त्या दिवशी अम्मा हिंदीत बोलल्या. मला कळावं म्हणून, हे मला नंतर समजलं.

“भूखा है वो. उसको खाना कम देती है कि गंदा कम करे. मेरा पानी शाम से बंद करती है कि बिस्तर गीला ना हो. वो तो पॅड फाड़ लेता है. मैं क्या फाड़ूँ, मेरे दाँत नहीं हैं.”

हे दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही माझ्याच हातून होत होतं. कुत्र्याची वाटी अर्धी भरायची आणि दिवेलागणीनंतर अम्मांना पाणी द्यायचं नाही, हे भाभींनी मला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. मी पाण्याचं पाळायचे नाही, कपानं घोट घोट द्यायचे, पण चोरून. अम्मा ते कप मोजायच्या नाहीत, लपवायच्या.

 भाभी दारातूनच, अम्मांकडं न बघता, मला म्हणाल्या, ठीक आहे, जे करायचं ते कर, रह जा. माझ्या पिशवीतलं सामान परत कपाटात गेलं. मी कोपऱ्यातला चुरा झटकून काढला, उरलेली वाकळ पोटाशिवायच शिवली, आणि आईची मनातल्या मनात माफी मागितली. कुत्र्याला आधी वाटी भरून द्यायला लागले, मग घरातल्या घरात फिरवून वाकळेवर उभं करायचं. जीन्सची गाठ जवळ ठेवायची. केलं की लगेच उचलायचं, धुवायचं, दुसरी घालायची. त्यानं पुन्हा कधी कोपरा धरला नाही. रल्लीच्या आणखी वाकळा झाल्या. अम्मांच्या उशीखालची जागा रिकामी झाली, उशी आता सपाट दिसायची.

भाभींनी त्या वाकळांचा व्हिडिओ काढला. हॅण्डमेड, ट्रॅडिशनल सिंधी डिझाईन, माय डॉगी लव्ज इट. मैत्रिणींनी विचारलं, कुठून घेतलं. भाभी म्हणाल्या, घरीच बनवून घेतलं. ज्या नक्षीवर कुत्रा मुतत होता ती त्यांच्या सासूच्या आईच्या हातची, हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, त्या उशीखाली त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, आणि अम्मांनी मला सांगू दिलं नाही.

पण त्या दिवशीची हिंदी भाभी विसरल्या नाहीत. सिंधीत बोलल्या असत्या तर घरातलं घरात राहिलं असतं. कामवालीसमोर बोलल्या. त्यानंतर त्या खोलीत भाभी आल्या नाहीत, आणि थोड्याच दिवसांत साहेबांनी, माझ्याकडं नाही, भिंतीकडं बघत सांगितलं की अम्मांना बदलापूरच्या बाजूला एका आश्रमात ठेवायचं ठरलंय, तिथं चांगली देखभाल होते, हवा मोकळी आहे. अम्मा गेल्या तसं माझं कामच उरलं नाही. कुत्रा शिकून झाला होता. त्याला बघायला दुपारपुरती बाई पुरत होती.

निघताना मी वाकळा मागितल्या असत्या, पण भाभींनी आधीच खोटं हिरवं गवत आणलं होतं आणि वाकळा कचऱ्यात गेल्या होत्या. कोपरा फाडलेली ती पहिली तेवढी मोरीत होती, फरशी पुसायला ठेवलेली. ती मी पिशवीत घातली. चोरी म्हणायची तर चोरी.

आता मी अंबरनाथला मावशीच्याच खोलीत, त्याच दाटीत राहते, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. डोक्यावर टोपी, हातात मोजे, बोलायची मनाई. बरं आहे. मागच्या एका रविवारी बदलापूरला जाऊन आले. आश्रम खरंच मोकळ्या हवेत आहे, मागं डोंगर दिसतो. अम्मांच्या अंगाखाली तोच निळा पॅड, फुलांच्या वासाशिवायचा. ओठ सुकलेले. तिथल्या बाईला पाणी विचारलं तर ती म्हणाली, संध्याकाळी आम्ही कमी देतो. मी कपानं दिलं, घोट घोट, पाठ तिच्याकडं करून. अम्मांनी मला ओळखलं की नाही, नक्की सांगता येत नाही. मी कोण ते सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, ज्वारीच्या टाक्याचं सांगितलं. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मानी खाधी?” मी म्हणाले, नाही अम्मा, पळाली. त्या हसल्या. ओळखलं म्हणून हसल्या की नुसत्याच, मला कळलं नाही. परत येताना सगळ्या वाटेनं हाच विचार, की मी तो फुलका सारला नसता तर अम्मा बोलल्या नसत्या, आणि बोलल्या नसत्या तर आज त्यांच्या पलंगावर असत्या. तहानलेल्या, पण आपल्या पलंगावर.

तो फाटक्या कोपऱ्याचा तुकडा मी कितीदा धुतला. उन्हात टाकला की अजून कुत्र्याचा वास येतो. मावशी म्हणते, टाकून दे, घाण. पण मी सुती कापड जमवायला घेतलंय, मावशीच्या सुनेचा जुना परकर, माझा एक कुर्ता. आईचं लुगडंही घेणार आहे, काठासकट. तो तुकडा मधोमध बसवणार. अम्मांना वास चालेल, कपडाच आहे. टाका या वेळी तांदळाच्या दाण्याएवढा घालीन, कितीही वेळ लागो. आणि शेवटच्या कोपऱ्यात भाकर सारीन, अर्धी सारीन, तिथं कुरतडायला कुणी नाही. अम्मा, तुमची रल्ली मी तुम्हाला परत करणार आहे. कधी ते आज सांगता येत नाही, पण तुमच्या अंगावर मीच घालणार, आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणार, दिवेलागणीनंतरसुद्धा.